ओला कचरा, पाला आणि चार टाक्या : आमच्या सोसायटीच्या प्रकल्प नोंदी, कोथरूड

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर हातात काहीतरी असेल. आमची सोसायटी कोथरूडमधली, दोन विंग, ४० फ्लॅट, मागच्या भिंतीला लागून तीन मोठे वर्षावृक्ष आणि एक बदाम. सकाळी मागे परत धूर होता, झाडणाऱ्या दादांनी पाला गोळा करून पेटवला होता आणि ए विंगमधल्या आजींना दम्याचा त्रास आहे, त्यांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. दादांना काय बोलणार, पाला दिसायला नको असं आपणच सांगितलंय त्यांना. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मधेच ५,००० रुपये दंड सांगितला होता, पण हे सोसायटीत माहितीच नाही कुणाला.

धुराचा विषय निघाला म्हणून पार्किंगमधे पाच-सहा जण जमलो आणि बोलणं गेलं ओल्या कचऱ्यावर, त्याचं आणि पाल्याचं इथेच खत करता येईल का यावर. मी म्हटलं मी आठवडाभर मोजते, मग बोलू.

१८ फेब्रुवारी

मोजला. ताणकाटा आणला भावाच्या दुकानातून, रोज सकाळी साडेसातला खाली उभी राहिले. रोजचा ओला कचरा २३ ते २६ किलो, रविवारी २९. म्हणजे घरटी साधारण ६०० ग्रॅम. भाज्यांची देठं, सालं, चहाचा चोथा, नारळाच्या शेंड्या आणि शिळं अन्न खूप, मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट. पोळ्या, भात, एका दिवशी तर अख्खं पातेलंभर पोहे.

आमच्याकडे कचरा न्यायला स्वच्छ संस्थेच्या ताई येतात. २००८ पासून पुण्यात ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करते आणि त्यामागची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत तर १९९३ पासूनची. ताई मला बघत होत्या चार दिवस, पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मॅडम, वजन करून काय व्हनार, आधी हे येगळं करायला लावा सगळ्यांना. डाळीत भिजलेला पेपर कोन घेतंय? मी घरी जाऊन तीन तीन वेळा हात धुते तरी वास जात न्हाई." मी नुसतं हो म्हटलं. १६ वर्षं राहतेय इथे आणि हे त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

२५ फेब्रुवारी

आज मीटिंगमधे मी दहा मिनिटं बोलले. जे बोलले ते इथे टाकते कारण दोघातिघांनी नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर परत विचारलं.

मुख्य प्रश्न होता की गाडी येते, कचरा नेते, आपण पैसे देतो, मग आपण कशाला हात घालायचा. तर असं आहे, पोळीचा तुकडा किंवा केळ्याची साल उघड्यावर हवेत कुजली तर तिच्यातला कार्बन बहुतेक कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, आणि तो त्या केळीने हवेतूनच घेतलेला असतो त्यामुळे तो हिशोब बराचसा मिटतो. पण तीच साल डेपोवर २०-३० फूट कचऱ्याखाली दाबली गेली की तिथे हवा नाही, मग वेगळे जंतू कामाला लागतात, बिनहवेवाले, आणि ते मिथेन बनवतात. कचऱ्याच्या डोंगरातून जो गॅस निघतो तो साधारण अर्धा मिथेन असतो. आणि मिथेन १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता धरतो, पहिल्या २० वर्षांचा हिशोब केला तर ८० पट. हवेत तो टिकतो मात्र साधारण १२ वर्षंच. म्हणजे आज मिथेन कमी केला तर त्याचा फरक आपल्याच हयातीत दिसतो, आपल्या पोरांच्या शाळा कॉलेजच्या वर्षांत दिसतो. मला स्वतःला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

मग फुरसुंगी उरुळी देवाचीचं बोलले. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथे गेला, तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवल्या, डेपोला आगी लागल्या. मिथेन पेटतो, विझवली तरी आत धुमसत राहते. मुंबईला देवनारला जानेवारी २०१६ मधे लागलेल्या आगीचा धूर तर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता. आणि आपल्याला ते लांबचं वाटतं पण वनाझला आज जिथे मेट्रोचा डेपो आहे तिथे आधी कोथरूडचा कचरा डेपोच होता. आपल्या दारातून उचलून तो दुसऱ्यांच्या दारात नेऊन ठेवला, एवढंच झालं.

हे ऐकून हॉल शांत झाला. मग बी विंगमधले काका (शेती खात्यातून रिटायर झालेत, मूळ इंदापूरकडचे) उठले आणि म्हणाले जागा मागे आहे, काम मी बघतो, पोरांनी फक्त रोज यायचं. पुढच्या आठवड्यात कोटेशन मागवायचं ठरलं.

३ मार्च

मशिनवाले येऊन गेले. २४ तासात खत असं सांगत होते, आकडा ऐकून खजिनदार खुर्चीत मागे टेकले. डेमो दिला, सकाळी टाकलेला कचरा दुसऱ्या दिवशी तपकिरी भुसा होऊन बाहेर, दिसायला छान. काकांनी त्यातला मूठभर घेतला, वाटीत पाणी घालून गच्चीवर ठेवला आणि तीन दिवसांनी आम्हाला बोलावलं. आंबूस वास आणि वर पांढरी बुरशी. म्हणजे तो कचरा कुजलाच नव्हता, तो नुसता वाळवला होता, आणि तेही वीज जाळून. पुण्याला येणारी वीज अजून बरीचशी कोळशाची, मग त्यात हवामानाचं काय भलं. सगळी मशिन्स अशीच असतात असं नाही म्हणणार मी, पण हे आमच्या कामाचं नव्हतं. नको म्हणून कळवलं.

१० मार्च

टाकी ठरली, नाडेप पद्धतीची, थोडी लहान करून. काकांनी आज त्याची गोष्ट सांगितली. यवतमाळ जिल्ह्यात पुसदला नारायण देवराव पांढरीपांडे म्हणून शेतकरी होते, सगळे त्यांना नाडेप काका म्हणायचे, नावाची पहिली अक्षरं ना-दे-पां. त्यांनी विटांची टाकी बांधताना मधून मधून एक वीट गाळून भोकं ठेवली, चारही भिंतींना जाळी. त्या भोकांतून हवा आत जाते. सगळी गोम तिथेच आहे, हवा आत गेली की मिथेनवाल्या जंतूंचं काही चालत नाही. साध्या विटांनी केलेलं काम हे, आणि हिंदुस्थानभर शेतकरी ते वापरतात. शाळेत आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही त्यांच्याबद्दल.

आमच्या चार टाक्या, प्रत्येकी ४ बाय ४ फूट आणि उंची ३ फूट. एक भरायला साधारण महिना-सव्वा महिना आणि मग तीन महिने नुसती ठेवायची, तोवर बाकीच्या भरत राहतात. वर पत्र्याचं छप्पर कारण पावसाचं पाणी आत नको. भोकांना आतून बारीक तारेची जाळी, घुशींसाठी. महापालिका मिळकत करात सवलत देते, गांडूळ खत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं यातलं एक असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. हे सांगितल्यावर विरोधातले दोन हात खाली आले. कसेही येवोत, आले हे महत्त्वाचं.

२४ मार्च, होळी

बांधकाम झालं. होळीसाठी पोरं पाला मागायला आली होती, नाही म्हटलं, थोड्या गोवऱ्या आणि एरंडाची फांदी एवढ्यावर भागवलं. पाल्याच्या आतापर्यंत २२ गोण्या भरून जिन्याखाली ठेवल्यात. दादा आता जाळत नाहीत, गोणीमागे त्यांना वेगळे पैसे द्यायचं ठरवलंय, कारण काम वाढलंय त्यांचं.

१ एप्रिल

पहिली टाकी सुरू. तळाला वाळक्या फांद्या आणि नारळाच्या शेंड्या (खालून हवा खेळावी म्हणून), त्यावर पाला, त्यावर काकांनी गावाहून आणलेलं जुनं शेणखत दोन घमेली, मग ओला कचरा, मग परत पाला. एक बादली ओला असेल तर दीड बादली पाला, असं प्रमाण धरलंय. पुस्तकी भाषेत ३० भाग कार्बन आणि १ भाग नायट्रोजन, पाल्यात कार्बन जास्त, भाजीत नायट्रोजन जास्त. ओलावा एवढाच की मूठभर पिळलं तर हात ओला व्हावा पण पाणी टपकू नये.

४० पैकी ११ घरांनी वेगळा करून दिला.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभी करून आधी खाली आले, टाकी बघायला. थर्मामीटर ५८ अंश. काकांकडे थर्मामीटरची गरज नाही, ते एक लोखंडी सळई टाकीत खुपसून ठेवतात आणि सकाळी बाहेर काढून हात लावून बघतात, हात ठेववला नाही तर काम चालू आहे. आज त्यांनी ती सळई शेजारच्या पोरांच्या हातात दिली, एकेक जण ओरडत सोडत होता. बाहेरून आग नाही, वीज नाही, नुसते जंतू खाताहेत आणि त्यांच्या खाण्याने एवढी ऊब. ५५ च्या वर तीन-चार दिवस राहिलं की रोगाचे जंतू आणि गवताचं बी मरतं म्हणे, ते झालंय आमचं.

घाटल्यासारखा गोड आंबूस वास येतो झाकण उघडलं की, पण दोन पावलं मागे गेलं की काही नाही.

२१ एप्रिल

घरं १९ झाली. पण टाकीतून काय काय निघालं त्याची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, नाव कुणाचंच घेतलं नाही: दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे (४३!), रबरबँड, फळांवरचे स्टिकर, स्टेपलच्या पिना, एक चमचा. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, अर्धा चिरून तसाच लोंबता ठेवा म्हणजे तो पिशवीबरोबर सुक्यात जातो. हे ताईंनी सांगितलेलं. तो इवलासा तुकडा कुणालाच उचलता येत नाही, शेवटी मातीत जातो नाहीतर नाल्यात.

सॅनिटरी पॅड आणि डायपरचंही बोलले, आधी जीभ अडखळत होती पण बोलले. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, वेगळं द्यायचं. ताईंच्या हाताने ते उघडावं लागू नये, बास.

१२ मे

आंबे! सालं आणि कोयी, कलिंगडाच्या फोडींची सालं, रोजचं वजन ३० च्या वर. कोयी लवकर कुजत नाहीत, त्या बाजूला काढून वाळवतोय. टाकीत अळ्या झाल्यात, राखाडी, बोटाच्या पेराएवढ्या, शेकड्याने. सी विंग आमच्याकडे नाही नाहीतर तिथूनही फोन आला असता, एवढे फोन आले. ह्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या, ब्लॅक सोल्जर फ्लाय, त्या घरमाशीसारख्या अन्नावर बसत नाहीत, ती माशी मोठी झाल्यावर जवळजवळ काही खातच नाही, रोग पसरवत नाही आणि अळ्या कचरा फस्त करतात. मी हातात घेऊन दाखवली दोघींना. एकीने तोंड फिरवलं पण घरी गेल्यावर फोन करून म्हणाली राहू देत. पहिली टाकी १० तारखेला बंद केली, दुसरी चालू.

ह्या महिन्यात उकाडा असह्य झालाय, रात्री अकरालाही भिंती गरम.

९ जून

पाऊस सुरू. घरं २६. पाल्याच्या ७ गोण्या उरल्यात.

हे लिहिताना आत्ता पोटात गोळा आला. झाडं आता सगळी हिरवी, पाला पडणार नाही ते थेट पुढच्या थंडीनंतर. हिशोब आधी करायला हवा होता, केला नाही.

७ जुलै

वाईट आठवडा. गोण्या २८ जूनला संपल्या. शेवटच्या दोन गोण्यात नुसती बदामाची पानं होती, मोठी, ती न चुरता तशीच टाकली आणि ती ओली होऊन एकावर एक चिकटून बसली, पापडाच्या चवडीसारखी, खाली हवाच नाही. वरून रोजचं ओलं. मंगळवारपासून सडक्या अंड्यासारखा वास, बुधवारी खालून काळं पाणी, गुरुवारी ग्रुपवर ४० मेसेज. टाकी बंद करा, परत गाडीला द्या, आरोग्याचा प्रश्न आहे. तळमजल्यावरच्या कुटुंबाने तीन दिवस खिडकी उघडली नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणूच शकत नाही, मी स्वतः झाकण उघडलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

रात्री झोप नाही लागली. कारण वास म्हणजे आत हवा नाही, आणि हवा नाही म्हणजे आम्ही आमच्या मागच्या अंगणात छोटं फुरसुंगीच बनवत होतो. मिथेनला स्वतःला वास नसतो, पण ज्या जागी सडक्या अंड्याचा वास येतो त्या जागी मिथेनही तयार व्हायला लागतो, दोघांना एकच परिस्थिती लागते. म्हणजे नाक हेच आपलं मीटर. दुर्गंधी आली की समजायचं हवामानाचंही नुकसान सुरू झालं.

८ ते १४ जुलै

सोमवारी सकाळी मी, काका, झाडणारे दादा आणि दोन कॉलेजची पोरं, पाच तास टाकी उपसत होतो. सगळं बाहेर काढलं, मोकळं केलं, बदामाची पानं हाताने सोडवली. आता कोरडं काय मिळणार भर जुलैत? रसवंत्या बंद, त्यामुळे उसाची चिपाडं नाहीत. लाकडाच्या वखारीतून भुसा आणला ६ पोती, पण निवडून, प्लायवूडचा नाही कारण त्यात डिंक रसायनं असतात. मावळातून काकांच्या ओळखीच्या गिरणीतून भाताचं तूस, १० पोती. आणि घराघरातून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि साधे खोके, पोरांनी टीव्ही बघत बघत फाडले. थर परत लावले. वर आंबट ताक आणि गूळ पाण्यात कालवून शिंपडलं, काकांचा हट्ट, मला त्याने किती फरक पडला सांगता येणार नाही पण भुशाने आणि उलटण्याने नक्की पडला. शुक्रवारपर्यंत वास गेला. रविवारी सळई परत गरम.

त्या तळमजल्यावरच्या काकूंकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा केला. म्हणाल्या मला कचरा टाकीत टाकायला हरकत नाही पण मला कुणी विचारलंच नव्हतं टाकी कुठे बांधायची ते. खरं आहे. पुढची मीटिंग त्यांच्याच घरी ठेवलीय.

२५ जुलै

रात्रभर मुसळधार. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, माझी मावसबहीण तिथेच पहिल्या मजल्यावर राहते, ती बरी आहे. आमच्या टाक्या कोरड्या राहिल्या, छप्पर टिकलं.

१८ ऑगस्ट

खत निघालं!! पहिली टाकी, एप्रिलमधे सुरू केलेली. उघडली तेव्हा ३ फुटांचं एक फूट झालं होतं. चाळणी लावली (बांधकामाची वाळू चाळायची, उभी), चाळून १०८ किलो. काळं, भुसभुशीत आणि वास पहिल्या पावसाचा. त्या शिळ्या अन्नाचं आणि सालांचं हे झालंय यावर विश्वास बसत नव्हता माझा. काका मूठभर घेऊन बराच वेळ नुसते उभे होते, मग म्हणाले आमच्या आईचा उकिरडा होता घरामागे, वैशाखात गाडी भरून रानात जायचं सगळं, आणि मी शेती खात्यात असताना लोकांना युरियाच्या गोण्या वाटत फिरलो. पुढे काही बोलले नाहीत.

युरियाचं खरं तर हवामानाशी दुहेरी नातं आहे. तो बनवायला नैसर्गिक वायू लागतो, आणि जास्त टाकला की मातीतून नायट्रस ऑक्साइड निघतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या २७० पटींहून जास्त तापवतो. आमच्या १०८ किलोने देशाचा युरिया कमी होणार नाही हे कळतं मला, पण काकांच्या पुतण्याच्या एका सरीचा तरी होईल. ४० किलो गावी गेलं, बाकीचं घराघरात आणि वर्षावृक्षांच्या बुडाशी. पाला ज्यांनी दिला त्यांना आधी.

ताईंनाही ५ किलो दिलं, त्यांच्या दारात डब्यात मिरची आहे.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी झाली. दहा दिवस निर्माल्य वेगळं गोळा केलं, दूर्वा, फुलं, पत्री, केवड्याची पानं, केळीचे खांब बारीक तुकडे करून. हारांचा दोरा आणि प्लास्टिकची फुलं काढायला दोन बायका रोज आरतीनंतर बसायच्या. नदीत काही गेलं नाही यंदा. घरं ३४.

१० नोव्हेंबर

दिवाळी संपली, फराळाचं तेलकट टाकीत नको हे सांगून सांगून घसा बसला. आज हिशोब केला, बरेच दिवस करायचा होता. वहीत रोजचं वजन आहे, १ एप्रिल ते आज, ३,९०० किलोच्या आसपास.

आयपीसीसीने (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रज्ञांची समिती) देशांना हिशोबासाठी जे ढोबळ आकडे दिलेत ते घेतले. ओल्या अन्नात कुजू शकणारा कार्बन १५ टक्के, त्यातला निम्मा खरंच कुजतो, त्यातून निघालेल्या गॅसचा निम्मा मिथेन, उंच ढीग असेल पण नीट झाकलेला नसेल तर आणखी ०.८ ने गुणायचं, आणि कार्बनचा मिथेन होताना वजन वाढतं म्हणून शेवटी १६/१२ ने. गुणाकार केला की एक टन कचऱ्यामागे साधारण ४० किलो मिथेन, काही वर्षांत मिळून. आमच्या ३.९ टनांचा झाला १५६ किलो. गुणिले २८, म्हणजे ४.४ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं. कंपोस्ट करताना पण थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड निघतो, अगदी शून्य नसतं ते, त्याचा धरला साधारण ०.७ टन (जुलैचा आमचा आठवडा बघता जरा जास्तच असेल). तर उरले ३.७ टन. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो निघतो, त्या मापाने हे १,६०० लिटर पेट्रोल न जाळण्याएवढं. गाडीचं डिझेल आणि जाळला न गेलेला पाला यात धरलाच नाहीये.

नवरा म्हणाला जगाच्या मानाने हे काय. मी त्याला सांगितलं की माणसामुळे जेवढा मिथेन हवेत जातो त्याचा सुमारे पाचवा भाग कचरा आणि सांडपाण्यातून जातो, आणि त्यातला ओला कचरा हा असा भाग आहे की ज्याला नवीन काही शोधायची गरज नाही, विटा, पाला आणि सकाळची २० मिनिटं. बाकीच्या गोष्टी, कोळसा, सिमेंट, विमानं, माझ्या हातात नाहीत. ही आहे. तो दुसऱ्या दिवसापासून बादली घेऊन खाली जातोय.

आणि एक गोष्ट हिशोबातून वेगळीच दिसली. शिळं अन्न एप्रिलमधे खूप होतं, आता निम्म्यावर आलंय. कुणी सांगितलं नाही कुणाला, पण आपल्या डब्यात रोज काय पडतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की हात आखडतो. आणि तो भात पिकवायला लागलेलं पाणी, खत, गॅस सगळं वाचतं, ते तर खतातून कधीच परत मिळत नाही.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदनानंतर मीटिंग, तळमजल्यावरच्या काकूंच्या घरी. जागतिक हवामान संघटनेने सांगितलंय की २०२४ हे आतापर्यंतचं सगळ्यात उष्ण वर्ष, औद्योगिक क्रांतीच्या आधीपेक्षा दीड अंशाच्या वर. काकूंनीच वाचून दाखवलं पेपरमधून.

ठराव एकच, पाला. दोन-अडीच दिवसाला एक गोणी लागते, जून ते ऑक्टोबरअखेर दीडशे दिवस, म्हणजे कमीत कमी ६०, हाताशी असू दे म्हणून ७५. जिन्याखाली ठेवायच्या नाहीत, आग लागली तर रस्ता अडतो. मागच्या भिंतीला लोखंडी जाळीचे दोन पिंजरे, मीटरच्या खोलीपासून लांब, वर पत्रा, शेजारी पाण्याचा नळ आणि वाळूच्या बादल्या. जागा काकूंनी स्वतः दाखवली.

१६ फेब्रुवारी

वर्षावृक्ष झडायला लागलेत. ह्याची पानं बारीक, चुरायची पण गरज नाही, टाकीत लगेच मिसळतात. बदामाची मात्र आता पोत्यात भरून वर पोरांना नाचायला लावतो, मग चुरा. २१ गोण्या.

शेजारच्या सोसायटीत परवा पाला पेटवला होता. काका गेले, भांडले नाहीत, म्हणाले तुमचा पाला आम्हाला द्या, गोण्या आमच्या. ते आनंदाने तयार झाले. त्यांचे सेक्रेटरी टाकी बघायला आले होते काल, झाकण उघडून वास घेतला, परत घेतला, मग विटांची भोकं मोजत बसले.

२ मार्च

५८ गोण्या. कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळातला पिंपळ आता झडेल, पुजाऱ्यांशी बोलणं झालंय, उद्या सकाळी सातला दादा, मी आणि पोरं जाणार आहोत. पाच रिकामी पोती, दोन दंताळी, आणि पिंपळाच्या पाल्यात दिव्याच्या वाती नि उदबत्तीची पाकिटं असतात ती तिथेच निवडायची.